धाकट्या खोलीतला घाट

कोथरूडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा धाकट्या खोलीच्या दारात थबकतो. आत पलंगाएवढी फळी, तिच्यावर घाट, घाटात दोन बोगदे, पायथ्याशी स्टेशन आणि या सगळ्यातून फिरणारी गाडी. इंजिन वीतभर. पाहुणा ‘अरे वा’ म्हणतो आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारतो, हे तुम्ही कधी केलंत? नवरा खोटं बोलत नाही. तो नुसता हसतो. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा, की पाहुण्यांच्या चहात साखर घालायची राहून जायची. लक्षात आलं तरी मी ती तशीच राहू द्यायचे.

गाडी माझी आहे. खिळ्यापासून रंगापर्यंत सगळी माझी आहे.

शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले तेव्हा मुलगी लग्न होऊन गेली होती आणि तिच्या खोलीवर सगळ्यांचा डोळा होता. नणंदेच्या मते तिथे देवघर व्हायला हवं होतं, नवऱ्याच्या मते मोठा टीव्ही. माझं मत कोणी विचारलं नाही, म्हणून मीही ते सांगत बसले नाही. सरळ टिंबर मार्केटात गेले. दुकानदाराने प्लायचं माप ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेबांना पाठवून द्या. साहेबांना प्लाय आणि पुठ्ठा यांतला फरक कळत नाही, असं मी त्याला सांगितलं. बुधवार पेठेत वायर आणि स्विच घेताना मात्र कोणी काही विचारलं नाही. तिथे गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायची पद्धतच नाही. मला ते फार आवडलं.

रूळ टाकून झाले, घाट करायला घेतला आणि लहानपणचा दिवाळीतला किल्ला आठवला. आमच्याकडे माती चाळायची मी, गोणपाट भिजवायची मी, कोपरापर्यंत हात घालून चिखल मळायची मी. बुरूज मात्र भाऊ बांधायचे. महाराजांना सिंहासनावर बसवायची वेळ आली की मला हात धुऊन पुढे रांगोळी काढायला पिटाळलं जायचं. रांगोळी माझी चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. पण मला महाराज बसवायचे होते.

तेव्हा हा घाट मी किल्ल्यासारखाच केला. विटांचे तुकडे, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल आणि चिखलात अळीव पेरलं. रोज सकाळी पाणी शिंपडत होते. आठवड्याच्या आत घाट असा हिरवागार झाला की मी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. मग खालचा प्लाय फुगला. दुसऱ्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर रूळ वर उचलले गेले आणि इंजिन दर फेरीला तिथे आडवं पडायला लागलं. लाकूड पाणी शोषतं हे मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. पण किल्ल्याला पाणी घालायचं म्हणजे घालायचं. अंगणातल्या किल्ल्याखाली जमीन असते, याचा विचारच मनात आला नाही.

नणंद म्हणाली, आता तरी आवर. नवऱ्याने टीव्हीसाठी भिंतीचं माप घेऊन ठेवू का, असं विचारलं. त्या प्रश्नाने मला जेवढं बळ दिलं तेवढं कोणत्याही शाबासकीने दिलं नसतं.

सगळं उखडून पुन्हा सुरुवात केली. नवा प्लाय दोन तुकड्यांत घेतला आणि नटबोल्टने जोडला, म्हणजे उद्या हलवायची वेळ आली तर हलवता येईल. गोणपाट या वेळी पीओपीत बुडवून पसरलं, ते वाळून खणखणीत झालं. फिरायला जाते त्या टेकडीवरची माती चाळून आणली आणि गोंदाने बसवली. चहाचा चोथा वाळवून उतारावर पसरला, काथ्या कातरून त्याचं उन्हाळ्यातलं गवत केलं. स्टेशनाशेजारी बंद फाटक, फाटकापाशी थांबलेली लाल एसटी आणि दांड्याखालून वाकून स्कूटर काढणारी एक मुलगी, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली. फाटक आहे आणि खालून कोणी निघत नाही, असं पुण्यात कोण खरं मानेल? प्लॅटफॉर्मच्या बाकावर एक बाई बसवली. तिच्याजवळ मूल नाही, पिशवी नाही. ती कुठे चालली आहे हे मी ठरवलेलं नाही. आणि सगळ्यात वर, घाटमाथ्यावर, दिवाळीच्या बाजारातून आणलेला मातीचा मावळा. तो जवळजवळ इंजिनाएवढा आहे.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. त्याचे आयोजक रेल्वे बघायला घरी आले. निवृत्त इंजिनिअर, जाणकार माणूस. रुळांची वळणं त्यांनी वाकून वाकून बघितली आणि मनापासून वाखाणली. मावळा मात्र प्रमाणात नाही, तो काढावा लागेल, म्हणाले. मी म्हटलं, मावळा निघाला तर घाटही येणार नाही. वहिनी कडक आहेत, असं ते नवऱ्याला म्हणाले. नवरा हसला.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहात फळ्या जोडल्या, तारा जोडल्या आणि टेबलावरच्या कार्डाकडे लक्ष गेलं. ‘श्री.’ आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. मी आयोजकांना बोलावून चूक दाखवली.

“अहो वहिनी, घरचंच आहे ना,” ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून ‘श्री.’च्या पुढे उरलेल्या जागेत त्यांनी ‘व सौ.’ कोंबलं आणि न्याय केल्यासारखे समाधानाने माझ्याकडे बघितलं.

लोक जमायला लागले होते. मी कंट्रोलरची वायर काढली, गुंडाळली, कंट्रोलर पर्समध्ये टाकला आणि खुर्चीवर बसले. ज्यांचं नाव कार्डावर ठळक आहे ते गाडी चालवतील, असं सांगितलं. आयोजक नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा टेबलाच्या कडेच्या स्विचांकडे बघायला लागला. त्यांतल्या एकालाही त्याने कधी बोट लावलं नव्हतं. त्याला चारचौघांत उघडं पाडायची मला हौस नव्हती. पण त्या वेळी मी गप्प बसले असते तर तो घाट कायमचा त्याचा झाला असता, आणि मी पुन्हा चिखल मळणारी.

नवरा हसला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हसला नाही.

“हे माझं नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. “मला यातलं काही येत नाही. मी फक्त खोकी उचलली.” त्याने कार्ड उचललं, उलटं केलं आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवलं.

मी माझं नाव लिहिलं. त्याच्या आधी काही लिहिलं नाही. मग कंट्रोलर काढून वायर जोडली.

सगळ्यांत पुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी चष्मा सारखा करून कार्ड वाचलं, मावळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “आणि यांनी तुम्हाला हे करू दिलं?”

“मी विचारलंच नव्हतं,” मी म्हणाले आणि गाडी सोडली.