हेल्मेटवरचे डोळे

माझ्या नवऱ्याला बोर्ड गेमचं वेड आहे. रोह्याला कंपनीत त्याची शिफ्ट असते. बाकीचे लोक सुट्टीच्या दिवशी मटण आणतात, हा टेबलावर भविष्यकाळ मांडतो. त्याच्या लाडक्या खेळात पृथ्वी बुडायच्या बेतात असते. आपण आपली माणसं मागच्या काळात पाठवायची, तिथे काहीतरी बदलायचं आणि ते बुडणं टाळायचं. सुरुवातीला मी पुष्कळ नाकं मुरडली. मग एकदा मी त्याला हरवलं आणि मलाही चटक लागली.

गेल्या उन्हाळ्यात त्याने या खेळाची एक्स्पान्शन मागवली, म्हणजे जुन्या खेळात भर घालणारी वेगळी पेटी. तिच्यात एक नवा नियम होता. आपला प्रवासी मागच्या फेरीत पाठवून आपलीच एखादी चाल पुसता येत होती आणि ती नव्याने खेळता येत होती. या प्रवाशांच्या बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्याही होत्या, अंतराळवीराचा पोशाख आणि हेल्मेट घातलेल्या, सगळ्या राखाडी. रंग ज्याचा त्याने द्यायचा. नवरा म्हणाला, "मला काही जमणार नाही बुवा." मला त्याच क्षणी बाबा आठवले.

माझं माहेर जोह्याचं. तिथे आमचा गणपतीचा कारखाना आहे, आणि बाबांनी उभा जन्म मूर्तींचे डोळे काढले. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. बाकी सगळा रंग झाला की शेवटी डोळे, आणि ते फक्त बाबांनी काढायचे. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. एका दुपारी बाबांनी ब्रश धुऊन ठेवला तो ठेवलाच. आखणी भाऊ करू लागला आणि बाबा कारखान्याकडे पाठ करून ओटीवर बसू लागले. त्यांचं ते पाठ करून बसणं मला बघवत नव्हतं. त्यांनी पुन्हा ब्रश हातात धरावा, एवढीच माझी इच्छा होती. पण तसं तोंडावर म्हणायची सोय नाही. लगेच चिडतात.

म्हणून पेटी घेऊन मी पेणला आणि तिथून जोह्याला गेले, आणि बाबांपुढे ती उघडली.

बाबांनी एक बाहुली उलटसुलट करून पाहिली. "ह्यो कंचा देव गो?"

"देव नाय बाबा, माणसं हायत. मागच्या काळात जातात."

"मागं कशाला?"

"चुकलेलं सुधारायला. जरा रंगवून द्या ना."

"माझा हात हलतो, तुला म्हाईत हाय. भावाला सांग."

"त्याला वेळ कुठाय? आणि ही काय गिऱ्हाइकाची नायत. बिघडली तर बिघडली."

बाबांनी बाहुली पेटीत ठेवली, पण झाकण लावलं नाही. मी शहाणपणा करून तिथे थांबले नाही. आत जाऊन वहिनीशी गप्पा मारत बसले आणि संध्याकाळी पेटी तिथेच ठेवून रोह्याला परतले.

पुढच्या आठवड्यात आईला फोन केला. "व्हय गो, बसतात कायतरी करीत," आई म्हणाली. "जवळ गेलं की झाकून ठेवतात." मला इतका आनंद झाला की भाजी करपली.

नवऱ्याच्या पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं गेलो. बाबांनी पेटी पुढे सरकवली आणि नवऱ्याने झाकण काढलं. अंतराळवीरांना पिवळेधमक पीतांबर होते, खांद्यावर शेले होते. तेही चाललं असतं. पण पेटीवरच्या चित्रात प्रत्येकाच्या हेल्मेटवर काळी बंद काच होती. बाबांनी त्या काचेवर डोळे काढले होते. लांब, कमळासारखे, भुवया आणि पापण्यांसकट.

"बाबा, ती काच आहे," मी म्हटलं. "तोंड आत असतं."

"मग एवढी गुळगुळीत जागा कशाला सोडली?" बाबा म्हणाले. मूर्तीच्या चेहऱ्यावर तशी जागा डोळ्यांसाठीच राखलेली असते. बिनडोळ्यांचं काही घराबाहेर जाऊ द्यायचं, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मग त्यांनीच एकेक उचलून दाखवायला सुरुवात केली. "ह्यो तिरळा झाला. ह्याची पापणी हालली. ह्यो बरा हाय." आवाज कोरडा होता. मी धास्तावून नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस खेळातल्या पत्त्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुतो. त्याने तो तिरळा प्रवासी उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "बाबा, जुन्या पेटीतही माणसं आहेत. त्यांनाही डोळे नाहीत."

"आण," बाबा म्हणाले.

त्या घडीला मला माझा नवरा फार म्हणजे फारच आवडला.

पावसाळाभर पेट्या रोहा ते जोहे अशा फिरत राहिल्या. बाबा न आवडलेले डोळे ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा काढायचे. हात सुधारला, असं मी म्हणणार नाही. कंप तेवढाच होता. आम्ही खेळायला बसलो की नवरा मुद्दाम तिरळा प्रवासी घ्यायचा आणि हरला की दोष त्याच्या नजरेला द्यायचा. कारखान्यात मात्र बाबा गेले नाहीत. आपल्याला हवं होतं तेवढं मिळालं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही जोह्याला पोचलो तेव्हा भाऊ कारखान्याच्या दाराशी नुसता उभा होता. आत घरची मूर्ती पाटावर होती आणि बाबा तिच्यासमोर बसले होते. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं. "सकाळीच म्हणाले, घरची मी करतो," भाऊ हळूच म्हणाला. आम्ही कोणीच आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा खाली होता. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. दुपारी दर्शनाला शेजारचे काका आले. तेही आयुष्यभर मूर्तिकामात मुरलेले. ते मूर्तीपुढे वाकले, पुन्हा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यंदा डोळं कोणी काढलं रं?"

भाऊ तोंड उघडणार होता. सगळं आपल्या अंगावर घ्यायची त्याची तयारी मला चेहऱ्यावर दिसली.

"मी काढलं," बाबा म्हणाले. "खुर्ची दे गो त्यांना."