गॅरेजमधला गवत्या

नोकरीत शेकडो जबाब घेतले. त्या गॅरेजवाल्या चाचांचा जबाब मात्र अजून पाठ सोडत नाही.

तेव्हा मी पाटोद्याला नेमणुकीवर होतो. खबर आली, की बाजारामागचा एक म्हातारा मेकॅनिक हिरवा साप ठेवतो आणि त्याचं विष विकतो. खबर देणारा शेजारीच होता, आणि शेजाऱ्याच्या खबरीत निम्मी खुन्नस असते. तरी डायरीत नोंद केली, दोन पंच आणि एक सर्पमित्र घेऊन छापा घातला. काचेच्या पेटीत गवत, त्यात हिरवागार साप आणि वाटीभर दूध. चाचा पळाले नाहीत. उलट आम्हाला बसायला बाकडं पुसून दिलं.

पेटीसकट त्यांना ठाण्यात आणलं. हवालदाराने वयाचा मान न ठेवता दरडावलं, "जहर कुनाला इकतो बे?"

"ह्याला जहरच न्हाई, सायेब. म्हनून तर ह्यो धरला. मोबाइलवर बघितलं, बाहेरदेशी लोक पाळतेत. नवशिक्यानं गरीब जात घ्यावी म्हनतेत. हरनटोळ बी हिरवाच साप, पन लई चावरं. ह्यो गवत्या गरीब हाय."

सर्पमित्राने मान डोलावली. मी विचारलं, "चाचा, कुत्रं-मांजर सोडून सापच का?"

त्यांनी ग्रीसचे हात पायजम्याला पुसले. मग म्हणाले, "पोपट व्हता. बायको गेली, तरी तिच्या आवाजात मला हाका मारायचा. सहन होईना, देऊन टाकला. मग घर लईच सुनं झालं. म्हनलं, जीव पायजे, पन बोलनारा नको."

तपास तिथेच संपला. पण कायद्याने साप पाळता येत नाही. तो वन विभागाकडे जाणार होता. चाचांनी हात जोडले, "सायेब, एवढा ऱ्हाऊ द्या."

सर्पमित्र हळूच म्हणाला, "चाचा, साप दूध पीत न्हाई. नागपंचमीला पाजतेत ते चुकीचं हाय. ह्याला बेडूक लागतेत."

चाचांचा चेहरा पडला. "म्हंजी वीस दिवस मी ह्याला उपाशी ठिवलं?" आणि पेटी त्यांनीच आमच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, न बोलावता, ते ठाण्यात हजर. "सायेब, काई इचारायचं ऱ्हायलं आसंल तर इचारा."

"काही नाही. जा घरी," मी म्हणालो. टेबलावर कागदांचा ढीग होता. ते आल्या पावली परतले.

न बोलणाऱ्यांना बोलतं करण्यात माझी हयात गेली. बोलायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं. आता मीही घरी एकटाच असतो. सिलिंडरवाला आला तरी काहीबाही विचारून त्याला दारात थांबवून धरतो. तो घाईत निघून जातो, तेव्हा त्या सकाळी चाचांना साधं 'बसा' म्हटलं नाही, याची लाज वाटते.