मयताच्या घरची नावं

साहेब आणि मी शेवटचं सुखानं बरोबर बसलो ते रेणापूरच्या नाक्यावर. एका मयताच्या घरून परत येत होतो. साहेबांनी गाडीतच भजी मागवली, अर्धी माझ्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, "मघाशी थोरल्या लेकीचं नाव तू सांगितलं म्हणून बरं, न्हाईतर फजिती होती."

ते माझं कामच होतं. तीस वर्षं मी त्यांची गाडी चालवली. झेडपीपासून मंत्रिपदापर्यंत. दोनदा पडले तेव्हा, पक्ष बदलला तेव्हाही. साहेब लग्न चुकवायचे, मयत कधी नाही. म्हणायचे, "मांडवात हजार माणसं असतेत, आपण गेलो न गेलो कोण बघतं? दुःखाच्या दारात येऊन बसलेला माणूस लोक विसरत न्हाईत."

पद्धत ठरलेली. मी आधी फोनाफोनी करून गेलेल्याचं, पोरांचं, जावयांचं नाव काढून ठेवायचो. चौथी शिकलेलो, पण नावं डोक्यात पक्की बसायची. दारात शिरताना साहेब माझ्याकडं किंचित वाकायचे, उपरण्याचं टोक तोंडावर धरून विचारायचे, "नाव काय रे?" मी कानात सांगायचो. मग पुढं होऊन म्हणायचे, "गयाबाईनं कधी कुणाला उपाशी धाडलं न्हाई." बायका हंबरडा फोडायच्या. साहेबांचेही डोळे भरायचे. ते पाणी खरं आहे असं मी धरून चाललो होतो.

माझी बायको टोमणा मारायची. "तुमच्या साहेबाला दुसरं काम न्हाई का हो? माणसं कधी मरतेत म्हणून टपूनच बसलेत."

"तुझ्या हातचं खातेत ते. तोंड सांभाळ," मी खेकसायचो.

खातच होते. लातूरला आले की जेवण आमच्याकडं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कच्चा कांदा. "वहिनी, अजून चतकोर वाढा," म्हणायचे. निघताना तिला हात जोडायचे.

ती पोटाच्या दुखण्यानं गेली. तिसऱ्या दिवशी साहेब नांदेडहून आले. खोटं कशाला बोलू, गाडीचा आवाज ऐकून मला आधार वाटला. अंगणात भावकी, गल्ली, सगळी बसलेली. साहेब माझ्याजवळ सतरंजीवर टेकले, माझा हात धरला. मग किंचित वाकले, उपरणं तोंडावर घेतलं आणि मलाच विचारलं, "नाव काय रे?"

मी सांगितलं. "शेवंता." आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, ते असं.

साहेब मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवंताबाईनं कधी कुणाला उपाशी धाडलं न्हाई." बायका रडल्या. साहेबांचे डोळे भरले. गयाबाईच्या दारात भरले होते तेवढेच. आणि ह्या वेळी बोलणं तर खरं होतं. त्यांनाच जेवू घातलं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागी आलेला नवा ड्रायव्हर दारात आला. "काका, साहेब रेस्ट हाऊसला मुक्कामी हाईत. उदगीरच्या मोंढ्यातला एक हमाल गेलाय, आता त्याच्या घरी निघालेत. तुम्ही सुतकात, येता यायचं न्हाई. नावं तेवढी लिहून द्या म्हणलेत."

गेलेला माणूस माझ्या ओळखीचा होता. वाटलं, दार लावून घ्यावं. मग वाटलं, उलटीसुलटी नावं द्यावीत, चार माणसांत शोभा होऊ द्यावी. पण त्या घरातली बाई डोळ्यांपुढं आली. तिनं माझं काय वाकडं केलं होतं?

कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या बाजूला माझ्या वाकड्या अक्षरात सगळी नावं लिहून दिली. त्याचं, बायकोचं, दोन लेकींचं, सुनेचंसुद्धा. ड्रायव्हरला म्हणालो, "गाडीतच वाचून दाखव तुझ्या साहेबाला. तिथं जाऊन त्या बाईला विचारू देऊ नको."