हरकतसाहेब

‘हरकत नाही’ हे दोन शब्द मराठी माणूस दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. आमचे हरकतसाहेब ते उच्चारत नसत. चहा विचारला तर ‘चालेल’ म्हणत, सुट्टी मागितली तर ‘जा’. त्यांच्या लेखी हरकत हा कायद्याचा शब्द होता. तपासल्याशिवाय ‘ती नाही’ असे म्हणणे हा कामचुकारपणा. टोपणनाव आम्ही कनिष्ठ वकिलांनी ठेवलेले. त्यांना ते ठाऊक होते आणि तेवढ्यावर मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

ते मूळचे मुळशीतल्या भरे गावचे, बौद्ध कुटुंबातले. घरची जमीन नव्हती. आई दुसऱ्यांच्या खळ्यावर भात झोडायला जाई आणि मजुरीत कण्या मिळत. हे त्यांनी एकदाच सांगितले, तेही विचारल्यावर.

आमच्या पुण्याच्या कार्यालयात पेटंट आणि व्यापारचिन्हे यांची कामे चालत. मालक थोरले साहेब. त्यांच्या कासार आंबोलीच्या बंगल्यात महिन्यातल्या एका रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरे. बोलावणे थोरल्या साहेबांचे, जेवण त्यांचे; शिकवणे मात्र हरकतसाहेबांचे. सत्तरचे दशक होते. औषध बनवण्याच्या कृतीला पेटंट मिळेल, खुद्द औषधाला मिळणार नाही, असे नवा कायदा म्हणत होता आणि वकिलांत त्यावरून कडाक्याचे वाद होते. आमच्या वर्गात साहजिकच कारखानदारांची बाजू जोरात असे. हरकतसाहेबांचा नियम एकच: ‘जो खोलीत नाही, त्याची बाजू आधी मांडा.’ मला त्यांनी रोग्याच्या बाजूने उभे केले. रोग्याला औषध स्वस्त हवे, एवढे बोलून मी बसू लागलो.

‘आणि उद्याचं नवं औषध त्याला नको?’ ते म्हणाले. ‘त्याला दोन्ही हवीत. पुन्हा मांडा.’

कायदा मी त्या दिवशी शिकू लागलो.

पुढे एका तांदळाच्या व्यापाऱ्याचे काम आले. ‘आंबेमोहोर’ हा शब्द त्याला स्वतःचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून हवा होता. म्हणजे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या नावाने तांदूळ विकायचा नाही. हरकतसाहेबांनी लेखी मत दिले की हे भाताच्या जातीचे नाव आहे, पिकवणाऱ्या सर्वांचे आहे, एकाच्या नावावर होणार नाही. थोरल्या साहेबांना हे मत बदलून हवे होते. त्यांनी तो विषय वर्गात घेतला. बहुमताने कायदा वळतो, अशी त्यांची समजूत असावी.

त्याच रविवारी बंगल्यासाठी तांदूळ घेऊन भरे गावचे तात्या आले. मोठे बागाईतदार, हरकतसाहेबांची आई त्यांच्याच खळ्यावर राबलेली. पोत्यांवर आंबेमोहोर लिहू नका, असा त्या व्यापाऱ्याचा निरोप त्यांना आधीच गेला होता. एवढे वकील एका जागी पाहून त्यांनी विचारले, ‘म्हंजी आमी आमच्या भाताला म्हणायचं तरी काय? निस्ता तांदूळ?’ मग त्यांची नजर एका जागी थांबली. ‘तू म्हादूचं पोरगं न्हवं? वकील झालास व्हय?’

‘व्हय, तात्या,’ हरकतसाहेब उभे राहून म्हणाले. ‘पण आम्ही त्या व्यापाऱ्याचे वकील आहोत. आम्हांला काही विचारू नका. दुसरा वकील गाठा, आणि लवकर गाठा.’

तात्या गेल्यावर थोरले साहेब हसले. म्हणाले, ‘बघा, अजून तुम्हांला अरेतुरे करतात, आणि तुम्ही त्यांच्या भातासाठी भांडता. तुमचं शेत आहे का तिथं?’

‘शेत नाही, साहेब. शब्द आहे. तो आमच्याही घरात होता, तांदूळ नसला तरी.’

थोरल्या साहेबांनी शांतपणे सांगितले की मत बदलायचे नसेल, तर हरकतसाहेबांनी दुसरीकडे जागा पाहावी.

‘हरकत नाही,’ ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून ते शब्द त्या एकाच वेळी ऐकले. ते फाटकाबाहेर पडून पौड रस्त्याकडे चालत गेले. पुढे पौडला एका खोलीत त्यांनी वकिली केली आणि तिथेच अकाली वारले.

व्यापाऱ्याचा मला राग नाही. व्यापारी हाव धरणारच. संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आमच्या कार्यालयाने अर्ज केला, तात्यांनी गाठलेल्या वकिलाने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. फेटाळण्याची कारणे वाचली. हरकतसाहेबांच्या मताहून वेगळे त्यात काही नव्हते. तोवर ते वारले होते. थोरल्या साहेबांनी तो निर्णय वर्गात शिकवायला घेतला. ‘आम्हांला हा धोका प्रथमपासून दिसत होता,’ असे ते म्हणाले. आम्हांला! दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवू नयेत, हे इतरांना बजावण्यावर ज्या कार्यालयाचे पोट चाले, त्याच्या मालकाचे हे वाक्य होते. समोर आंबेमोहोराचाच भात वाढला होता आणि सगळे माना डोलावत जेवत होते.

मी उठलो. ‘माझी हरकत आहे.’

‘निर्णयाला?’

‘गाळलेल्या नावाला.’

मग मी ते नाव घेतले. आधी त्यांचे, मग वडिलांचे, मग आडनाव. वडिलांचे मी म्हादू असे घेतले नाही. महादेव असे घेतले.