नानांसमोरची चटई

आमच्या नगरच्या घरात ओसरीवर नानांसमोर एक चटई अंथरलेली असायची, आणि तिच्यावर बसायचा हक्क माझा नव्हता. नाना म्हणजे माझे वडील. परदेशातून आलेल्यांना ते घरी मराठी शिकवायचे. महायुद्ध संपल्यावर त्या चटईवर एक अमेरिकन मुलगी येऊन बसली. वर्षभर शिकायचं, परीक्षा द्यायची आणि परत जायचं, असं तिचं ठरलेलं. मी तेव्हा सोळा वर्षांची. सातवी झाली तेव्हाच माझी शाळा सुटली होती. पुढे इंग्रजी शिकायचं माझ्या फार मनात होतं, पण आईच्या हाताखाली कोणीतरी हवं होतं आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. खोटं कशाला बोलू? नाना माझ्याशी दिवसातून चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'पाणी आण' असायचे. तिच्याशी मात्र तास न् तास. ती अडखळली की हसायचे, पुन्हा म्हणून दाखवायचे. मी आतून ऐकत राहायचे आणि तव्यावरची भाकरी करपायची. मग आई ओरडायची ती मलाच.

सुरुवातीला तिची फजिती व्हायची तेव्हा मला बरं वाटायचं. मांडी घालून बसली की पायांना मुंग्या, ठेचा खाल्ला की डोळ्यांतून धार. पण मेली चिवट. दसऱ्याला आमच्या मागच्या खोलीत राहायलाच आली. दिवाळीपर्यंत साडी नीट नेसू लागली, भाकरी थापू लागली, आणि एक दिवस नानांना 'पंडितजी' म्हणायची ती सरळ 'नाना' म्हणाली. नानांनी ओ दिली. हातातला तांब्या मी असा आपटला की आईने वळून पाहिलं. तिच्या घरून पत्रं यायची, ती दोन-दोन दिवस न फोडता पडून असायची. "आई, मला आता तिकडेच परकं वाटेल," असं म्हणायची, आणि आई तिच्या पानात दुधाच्या पातेल्याची खरवड वाढायची. ती खरवड तोवर माझी होती.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. आदल्या दिवशी तिने मला एक पांढरी साडी दाखवली, बिनकाठाची. तिच्या देशात नवरी पांढरं घालते, म्हणून हौसेने आणलेली.

"उद्या ही चालेल?"

हळदीकुंकवाला असलं पांढरं कोणी नेसत नाही, ते विधवेचं नेसणं, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. मी म्हटलं, "चालेल की. शोभेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ती तशीच बायकांत आली. कुंकू लावत येणाऱ्या शेजारच्या काकूंचा हात तिच्यापाशी येऊन थबकला. ती आपली कपाळ पुढे करून हसत उभी. मला वाटलं होतं मजा येईल, पण मला तिच्याकडे बघवेना. आई उठली आणि हाताला धरून तिला आत घेऊन गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा तिच्या अंगावर हिरवी रेशमी साडी होती. मला बघायला पाहुणे येतील तेव्हा नेसायची म्हणून आईने ट्रंकेत जपलेली. आईने स्वतः तिला कुंकू लावलं आणि आंब्याच्या डाळीची वाटी हातात दिली.

संध्याकाळी नानांनी तिला विचारलं, "पांढरं नेसायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी दारामागे उभी.

"माझीच चूक, नाना. मी कोणाला विचारलं नाही."

तिने मला वाचवलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडली असती तर निदान आम्ही बरोबरीच्या तरी झालो असतो.

जूनमध्ये ती परीक्षा पास होऊन गेली. टांग्यात बसण्याआधी आईच्या गळ्यात पडून रडली. आई रडली, नाना उपरण्याने चष्मा पुसत राहिले. मी सासरी जाईन तेव्हा ही दोघं इतकी रडतील का, एवढंच माझ्या मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सवयीने ओसरीवर येऊन बसले. समोर चटई रिकामी. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"नाना, मला इंग्रजी शिकवाल?"

नानांनी मान वर केली. "जाताना बाई म्हणाल्या, हिला शिकवा, ही रोज दारामागे उभी असते. मी म्हटलं, हिला हौस असती तर वर्षभरात एकदा तरी बोलली असती." मग म्हणाले, "का नाही गं विचारलंस?"

'मी कोणाला विचारलं नाही' असं ती नानांशी खोटं बोलली होती, पण माझ्या बाबतीत ते अगदी खरं होतं. कोणाला काही विचारलं नव्हतं ते मी.

"बस," नाना म्हणाले.

मी तिच्या चटईवर बसले. नानांनी पाटीवर चार इंग्रजी अक्षरं काढून दिली. दुसरंच मी उलटं काढलं. नाना हसले, तिच्याशी हसायचे तसेच, आणि म्हणाले, "बाईंचं पहिल्या दिवशी एकही अक्षर चुकलं नव्हतं."

मी पाटी पुसली आणि पुन्हा काढलं.