पॉलिश केलेलं सूप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सूप खरवडणं. अंगणात बसलो होतो. फुटक्या कंदिलाच्या काचेचे दोन तुकडे घेतले, एका बाजूनं माझी म्हातारी, एका बाजूनं मी. दिल्लीच्या लोकांनी सुपाला पॉलिश फासून पाठवलं होतं, ते काढायचं होतं. पॉलिश निघत नव्हतं, खालची बांबूची कामटी मात्र सोलून येत होती.

"हळू घासा न," म्हातारी म्हणाली. "सूप हाये, बैलाची पाठ नाई."

"त्या साहेबाच्या तोंडाले फासाले पाहिजे होतं हे."

"तो पयलेच चकचकीत होता. त्याले काय फरक पडते?"

लेक आत निजली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणलेली, दिवस भरत आलेले. आमच्याकडे पाचवीला लेकरू सुपात निजवतात, खाली तांदूळ पसरून. आमची सगळी लेकरं याच सुपात निजली. नातवंडही त्यातच निजवायचं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं. पण पॉलिशचा वास असा की माणसाचं डोकं उठावं. त्यात पाच दिवसांचा जीव कसा ठेवणार? म्हणून खरवडणं चाललं होतं.

दुपारी ती म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होते, जरा पडतो. दिवे लागायच्या आत गेली.

आता हे दिल्लीचे लोक कोण ते सांगतो. पंचवार्षिक योजनेचा तेव्हा जोर होता, जो तो काहीतरी काढत होता. दिल्लीतही एक खातं निघालं. रस्त्याचं नाही, दवाखान्याचं नाही, वस्तूंच्या घाटाचं. डिझाइन म्हणायचे त्याला. देशात आता कारखाने होणार, त्यातून वस्तू निघणार, त्या दिसायला नीट आणि हाताला सोयीच्या असाव्यात, हे कारखानदारांना शिकवायला माणसं नेमलेली. पगारी माणसं. मूल या बाजारगावाहून आमच्या गावाकडे पावसाळ्यात बैलगाडी चाकाच्या आखापर्यंत रुतते, त्याचं खातं अजून निघायचं होतं. घाटाचा साहेब मात्र जीपमधून आला. उन्हाळ्यात आला, म्हणून पोचला.

सोबत ग्रामसेवक होता. घराघरात शिरून ते जुन्या वस्तू पाहत होते. नमुने गोळा करायचे होते म्हणे, म्हणजे कारखानदारांना दाखवता येईल की चांगला घाट कसा असतो. आमच्याकडे साहेबानं ना नांगर पाहिला, ना धान साठवायची ढोली. भिंतीच्या खुंटीवरचं सूप काढलं आणि उजेडात धरून असा पाहत राहिला, जसा सोनार पाटली पाहतो.

"किती सुंदर आहे हे," तो म्हणाला. "एक रेष जास्त नाही."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "सूप सुंदर राहते का जी कुठी? पाखडाचं हाये ते."

"तेच तर. पाखडायचं आहे म्हणूनच सुंदर आहे. बाई, हे आम्हाला द्याल? प्रदर्शनात ठेवू. खाली तुमचं नाव लिहू. कापणीच्या आत परत आणून देईन."

माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही, तिलाच विचारलं. इतक्या वर्षांत घरातली वस्तू देऊ का म्हणून तिला कोणी विचारलं नसेल. तिच्या आईनं मार्कंड्याच्या जत्रेत घेऊन लग्नात दिलेलं सूप ते. तिनं दिलं. मी म्हटलं, "काऊन देतं व?" तर म्हणाली, "शिकू दे न बिचाऱ्याईले."

कापणी आली, सूप आलं नाही. शेजारणीचं मागून आणून ती धान पाखडायची, आणि रोज म्हणायची, दुसऱ्याच्या सुपाचा हात बसत नाई. मग जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, प्रदर्शन लागल्याचं ग्रामसेवकानं सांगितलं. मोटारीनं आम्ही दोघं गेलो.

मंडप मोठा होता. आत पांढऱ्या कापडावर कपबश्या, खुर्च्या, विजेचे पंखे मांडलेले. लोक पंख्याखाली गर्दी करून उभे होते, वारा घ्यायला. घाटाचं त्यांना काही पडलं नव्हतं. एका भिंतीला सूप टांगलेलं, त्याच्यावर दिवा सोडलेला. शेजारी कारखान्यातलं पत्र्याचं सूप, दोन कानांचं. खाली नाव होतं, पण तिचं नव्हतं. विचारायला गेलो तर कळलं, जिल्ह्याचं नाव लिहिलंय.

म्हातारी पुढे झाली आणि थांबली. सूप पांढरंफट पडलं होतं, अंगावर कोड उठावं तसं. वर पॉलिशची चकाकी.

तिनं हात लावला तसा पहारेकरी ओरडला, "ओ बाई, हात नका लावू."

"माहं सूप हाये, भाऊ."

"असन. आता सरकारचं हाये."

साहेब तिथेच होता. त्यानं ओळखलं, नमस्कार केला, आनंदानं सांगू लागला. "बाई, यावर मळाचा केवढा थर होता. गरम पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून दोन माणसांनी काढला. आता बघा, खरी वीण दिसते."

मळ. शेण आणि भिजवलेल्या मेथीचं वाटण, दर साली नवं धान यायच्या आधी ती सुपाला आतून सारवायची. थरावर थर, अंगठ्यानं दाबून. त्यानंच तर भोकं बुजतात, कणी खाली गळत नाही, लेकराच्या पाठीला कामटी टोचत नाही. वीण बांबू विणणाऱ्या कुणा बुरडिणीची. सूप केलं ते म्हातारीनं. दिल्लीवाल्यांनी बुरडिणीचं ठेवलं आणि हिचं धुऊन टाकलं, वर हिलाच दाखवायला उभे राहिले.

मला वाटलं ती बोलेल. ती म्हणाली, "बरं जी. परत कधी भेटन?" बस.

मोटारीतून मूलला उतरलो तेव्हा म्हणाली, "त्याहीले वाटलं आमी घाणेरडे हाओ."

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसेवकानं सायकलवर सूप आणून दिलं. मागच्या बाजूला एक गोल चकती चिकटवलेली, उत्तम घाट म्हणून. लेकीचे दिवस भरत आलेले. म्हातारीनं त्याच दिवशी मेथी भिजवली. सारवलं, वाळवलं, आणि सकाळी सगळं सारवण खपलीसारखं खाली पडलं. पॉलिशवर शेण धरत नाही, हे मला दिल्लीकडून शिकायला मिळालं. तिनं तीनदा करून पाहिलं, मग काच घेतली.

ती गेली त्याच रात्री आम्ही नदीवर नेलं. निघताना मी ते सूप उचललं आणि सोबत घेतलं. भावकीतला एक जण म्हणाला, असं कुठी करतात का? मी म्हटलं, मी करतो. सरणावर तिच्या पायाशी ठेवलं. पॉलिशमुळे भडकन पेटलं. त्या खात्याच्या हातून आमचं झालेलं काम तेवढं एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि गावाच्या टोकाला बुरडीण राहते तिच्याकडे गेलो. सुतक होतं, म्हणून कुंपणाबाहेर उभा राहिलो. तिच्यापुढे एक सूप काठ बांधायचं राहिलेलं पडलं होतं.

"ते मले पाहिजे," मी म्हणालो.

"आज, भाऊ? सुतकात? लोक काय म्हणतीन?"

"लेकीचे दिवस लोकाईले इचारून नाई भरत."

तिनं काठ बांधायला घेतला. बांधता बांधता म्हणाली, "सारवन कोन? तुमी?"

"हो."

"बाईमाणसाचं काम हाये जी ते."

"बाईले काल पोचवून आलो."

काठ झाला, तिनं सूप कुंपणावरून माझ्याकडे दिलं.

घरी आलो. लेक निजली होती, तिला उठवलं नाही. मेथी कुठे ठेवतात ते मला ठाऊक नव्हतं. एकेक डबा उघडून पाहिला. सापडली तशी पाण्यात घातली, आणि शेण आणायला गोठ्यात गेलो.