छेदी मल्लाहाची चरखी आणि माझी तिसरी प्रत

निवेदन करणार : श्रीधर केशव घैसास, वय बावन्न, राहणार दूधविनायक, काशी. शिक्षण नववीपर्यंत. व्यवसाय अर्जलेखन, कचेरीच्या फाटकाबाहेर, पिंपळाखाली, स्वतःचे टेबल.
ज्याच्या वतीने अर्ज लिहिला तो : छेदी मल्लाह, नाव चालवणारा, अमृतराव घाट.
ज्याच्या विरुद्ध लिहिला तो : रामप्यारे लोहार, सदर चरखी घडवणारा.
घटनेची वेळ : दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार, सकाळी, ऊन पायऱ्यांवर उतरल्यानंतर.
घटनेचे स्थळ : संकठा घाटासमोरील गंगेचे पात्र.
साक्षीदार : एक, नावांची तपासणी करणारे निरीक्षक साहेब. दोन, माझी पत्नी सौ. कुमुद. तिसरा साक्षीदार निर्जीव असून त्याचे वर्णन योग्य जागी येईल.

संभाषणे बनारसी हिंदीत झाली. वाचकांसाठी ती मराठीत मांडली आहेत. जिथे मूळ शब्दांशिवाय चव राहत नव्हती, तिथे ते ठेवले आहेत.

तपासणीच्या सकाळी निरीक्षक साहेब नावेच्या पुढच्या टोकाला उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "पंडितजी, आपण लिहिले आहे की चरखीचे दाते झिजलेले आहेत. कोणता दाता?"

मी फाइल उघडली. फाइलमध्ये अर्ज होता, प्लास्टरमधल्या हाताचा फोटो होता, तीन कार्यालयांना पाठवलेल्या प्रतींची यादी होती. दाता नव्हता.

येथवर प्रकरण कसे आले, ते क्रमाने सांगतो.

छेदी त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये होता. नाव जप्त होती. सात यात्रेकरूंना घेऊन तो संकठा घाटासमोर नांगर टाकून उभा होता. अचानक चरखी सुटली. हँडल गरगर फिरले आणि त्याच्या हातावर बसले. दोर पुरा सुटला, नाव प्रवाहाबरोबर खाली आली आणि अमृतराव घाटाला बांधलेल्या एका नावेवर आदळली. यात्रेकरू भिजले, घाबरले, पण धड राहिले.

"पंडितजी, देवदिवाळीला नाव पाण्यात नसली तर माझे वर्ष गेले," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, चूक तुझी निघाली तर लायसन्स रद्द. चरखीची निघाली तर नवी लाव आणि ने."

"मग चूक चरखीची आहे," मी म्हणालो.

"आपण बघितली?"

"बघायला कशाला हवी? लिहायला मी आहे."

या धंद्याची रीत येथे सांगितली पाहिजे. अर्जलेखक जागेवर जात नाही. पक्षकार बोलतो, आम्ही ऐकतो, आणि त्याचे रडगाणे कागदावर उभे राहील असे करतो. नुसते 'हात मोडला' लिहिले तर कागद फाइलच्या तळाशी जातो. 'निकृष्ट लोखंड, निष्काळजी कारागिरी व प्राणघातक कसूर' लिहिले तर तो वर राहतो. मी तेच लिहिले. शिवाय माझ्या प्रत्येक अर्जाखाली 'प्रतिलिपी' असा मथळा असतो आणि त्याखाली ज्यांचा ज्यांचा संबंध येऊ शकेल अशी कार्यालये. प्रती जितक्या जास्त, तितका मूळ कागद जड. सदर अर्जाच्या तीन प्रती गेल्या.

आता चरखीविषयी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नावेच्या टोकाला दोन लोखंडी पायांवर आडवा ढोल बसवलेला असतो. त्यावर नांगराचा दोर गुंडाळलेला. एका बाजूला फिरवायचे हँडल, दुसऱ्या बाजूला दात्यांचे चाक. त्या चाकावर एक लोखंडी जीभ पडलेली असते, तिला खटका म्हणतात. हँडल फिरवले की दोर गुंडाळतो, नांगर वर येतो आणि खटका एकेका दात्यावरून टिक-टिक उड्या मारतो. हात सोडला तर खटका दात्यात अडकून चाक धरून ठेवतो. नांगर टाकायचा असेल तेव्हा खटका बोटाने उचलायचा. पूर्ण नावेचा भार त्या बोटभर जिभेवर असतो. छेदीचा बाप नांगर हाताने ओढत असे आणि त्याची कंबर चाळिशीत गेली. म्हणून छेदीने रामप्यारेकडून ही चरखी करून घेतली होती.

"पावसाळ्यानंतर आवाज बदलला होता," छेदीने टेबलाशी सांगितले होते. "टिक-टिक येत नव्हती. भद-भद यायची."

मी लिहिले, 'आवाजातील फरकावरून दाते झिजल्याचे सिद्ध होते.'

त्या संध्याकाळी घरी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. मला तशी सवय आहे. कुमुद मटार सोलत होती.

"अहो, ही तीच चरखी का, वैशाखात आपण पूजा केली ती?"

"तीच."

"आपल्या चिमीच्या लग्नानंतरची गंगापूजा. मी तुम्हाला दोरा आणि हळकुंड दिलं होतं बांधायला."

"दिलं होतंस."

"कुठं बांधलंत?"

"हँडलला असेल. जेवायला वाढ."

तिने वाढले. मी जेवलो नाही म्हटले तरी चालेल.

येथून पुढचे आठ दिवस माझे बूड टेबलाशी टिकले नाही. एका विधवेच्या पेन्शनच्या अर्जात मी 'चरखी' हा शब्द लिहिला आणि पूर्ण पान फाडावे लागले. दुपारी उठायचो, पाय आपोआप घाटाकडे वळायचे. दोन वेळा अमृतराव घाटाच्या पायऱ्या उतरलो. नाव खाली साखळीने बांधलेली दिसत होती. दोन्ही वेळा शेवटच्या पायरीवरून परतलो. स्वतःला सांगितले की अर्जलेखकाने जागेवर जाऊ नये.

चौथ्या दिवशी रामप्यारे टेबलाशी आला. साठीचा माणूस, हाताला कोळशाची काळी रेघ. त्याच्या हातात माझ्याच अर्जाची नक्कल होती.

"मुंशीजी, वाचून दाखवा. मला अक्षर येत नाही."

"यात तुमच्याविरुद्ध मजकूर आहे."

"म्हणूनच तुमच्याकडून ऐकायचा आहे."

मी वाचला. 'प्राणघातक' हा शब्द आला तेव्हा त्याने हात वर केला.

"हे माझ्याबद्दल?"

"चरखीबद्दल."

"चरखी कोणी केली?"

मी पेनाला टोपण लावले. पिंपळाखालचा चहावाला हसून म्हणाला, "गुरू, आज पंडितजींची शाई सुकली."

"दोन नाववाल्यांनी ऑर्डर परत घेतली," रामप्यारे म्हणाला. "म्हणतात, तुझ्या लोखंडाने छेदीचा हात तोडला. मी आजवर कोणाचा हात तोडला नाही, मुंशीजी. तपासणीच्या दिवशी मी येईन. तुम्हीही या. कागद घेऊन या."

म्हणून मी त्या सकाळी नावेवर होतो. नियम मोडून, जागेवर.

"कोणता दाता?" साहेबांनी पुन्हा विचारले.

"सर्वसाधारणपणे सर्वच," मी म्हणालो.

रामप्यारेने खिशातून चिंधी काढली, चाक पुसले आणि बोट प्रत्येक दात्यावरून फिरवले. दाते धारदार होते. साहेबांनीही बोट फिरवले. मग त्यांनी खटका सोडून पाहिला. तो पडला, पण पुरता पडला नाही. दात्याच्या शेंड्यावरच थांबला. दार पुढे केले पण कडी लागली नाही, असे वाचकांनी समजावे.

"हे काय अडते आहे?"

खटक्याच्या खिळ्याभोवती लाल-पिवळ्या धाग्यांचा गठ्ठा होता. काशीत नावेला, गाडीला, नळालासुद्धा कलावा, म्हणजे पूजेचा असा दोरा, बांधतात, त्यात नवल नाही. रामप्यारेने कानसेच्या टोकाने गठ्ठा उचकटला. आतून बोटाच्या पेराएवढा एक काळपट तुकडा टपकन फळीवर पडला. भिजून फुगलेला, वाळून लाकडासारखा झालेला.

"ई का है?" रामप्यारेने तो नाकाला लावला. "हल्दी?"

"गाँठ हळदीची," साहेब म्हणाले. "हे कोण बांधते चरखीला?"

काशीचे लोक कलावा बांधतात. हळकुंड ओवून बांधतात ते आमच्या घरी, लग्नकार्यात. घाटावरच्या त्या माणसांत हे ठाऊक असलेला एक मी होतो. दुसरा छेदी होता.

कारण वैशाखातल्या त्या दुपारी छेदीने मला सांगितले होते, "पंडितजी, इथे नको. वर हँडलला बांधा." आणि मी त्याला उत्तर दिले होते की हँडल हातात येते, दोरा तुटेल, शुभवस्तू नेहमी स्थिर जागी बांधावी. मी शास्त्राधार असल्यासारखे बोललो होतो. त्याने पुढे वाद घातला नव्हता. मी गाठही दुहेरी मारली होती. पावसाळ्यात नाव उभी असताना ते भिजले, फुगले, दोरा सैलावला आणि हळकुंड खटक्याखाली उतरून बसले. भद-भद ती त्याची होती.

साहेब वही काढत म्हणाले, "म्हणजे चरखी ठीक आहे. नाववाल्याने खटक्यावर काहीबाही बांधू दिले. निष्काळजीपणा. छेदी, लायसन्स दे."

छेदीने डाव्या हाताने खिसा चाचपला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. ज्याच्याकडून अर्ज लिहून घेतला त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचे नाही, एवढी लाज त्या माणसाला होती.

मी सत्य सांगायचे ठरवले असे लिहिणे शोभले असते. वस्तुस्थिती अशी की मी आधी घाटाकडे पाहिले. पायऱ्यांवर ओळखीचे चारजण होते. संकठामातेच्या देवळातून परतणाऱ्या दोन बायका थांबल्या होत्या. मग मी फाइल मिटून नावेच्या फळीवर बसलो.

"साहेब, लायसन्स घेऊ नका," मी म्हणालो. "हळकुंड माझे आहे."

"आपले?"

"माझ्या मुलीच्या लग्नानंतरच्या पूजेचे. छेदीने मनाई केली होती. मी ऐकले नाही."

रामप्यारेने हळकुंड माझ्या तळहातावर ठेवले. "घ्या मुंशीजी. प्राणघातक."

साहेबांनी वही मिटली. "हे लेखी द्या."

"उद्या टाइप करून..."

"आत्ता. हाताने. आणि पंडितजी, विशेषणे कमी."

मी दुसऱ्यांच्या नावाने किती कागद लिहिले त्याची मोजदाद नाही. 'मी खाली सही करणार' हे शब्द रोज लिहितो, पण सही दुसऱ्याची किंवा अंगठा दुसऱ्याचा. त्या दिवशी मांडीवर फाइल ठेवून माझ्या नावाने लिहिले, तेव्हा चार ओळींचा कागद पुरा व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात मी एरवी चार अर्ज उरकतो. कागद असा : चरखी निर्दोष आहे. खटक्यात हळकुंड मी बांधले. नाववाल्याने अडवले होते. लोहाराविरुद्धचा मजकूर वस्तू न पाहता लिहिला, तो मी मागे घेतो.

साहेबांनी वाचला, आणि तिथल्या तिथे खटका साफ करून नाव मधल्या पात्रात नेऊन नांगरावर उभी केली. आम्ही सगळे नावेवरच. तासभर ती तशीच उभी राहिली. प्रवाहाचा ताण आला की चाक कुरकुरायचे, पण सरकले नाही. नांगर उचलताना हँडल रामप्यारेने फिरवले. टिक-टिक घाटापर्यंत ऐकू गेली असावी, कारण ते चारजण पायऱ्यांवरून उठून निघून गेले.

जप्तीची साखळी दुसऱ्या दिवशी कायमची निघाली. देवदिवाळीला छेदीची नाव पाण्यात होती. वल्ही त्याच्या भावाने मारली आणि छेदी चरखीपाशी प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. हँडलला नवा कलावा होता. खटक्यावर काहीच बांधलेले नव्हते. त्याने मला नावेवर बोलावले. मी गेलो नाही. मला घाटावर काम होते असे सांगितले. कुमुद गेली.

या प्रकरणातून अर्जलेखकाने घ्यायचा धडा एकच. लिहिण्याआधी वस्तू पाहावी, आणि पाहणे जमत नसेल तर तिच्या दात्यांविषयी लिहू नये. मी आता टेबलाशी येणाऱ्याला आधी वस्तू आणायला सांगतो. गेल्या आठवड्यात एकाने पंखा आणला.

तथापि प्रकरण संपलेले नाही. तीनपैकी दोन कार्यालयांनी माझे मागे घेतल्याचे पत्र नोंदवून पोच दिली. तिसऱ्याकडून काहीच नाही. मी सहा वेळा गेलो. खिडकीवरचे बाबू म्हणतात, आलेला कागद काढता येत नाही, नवा जोडता येतो. याचा अर्थ त्या फाइलमध्ये रामप्यारेच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'प्राणघातक' हा शब्द अद्याप उभा आहे. रामप्यारेचे दुकान माझ्या टेबलाच्या वाटेवर आहे. मी रोज थांबतो. तो घण खाली ठेवतो, विचारतो, "कटा?" म्हणजे शब्द खोडला गेला का. मी नाही म्हणतो. तो घण उचलतो.

सबब, सदर निवेदन ज्यांच्या हाती पडेल आणि ज्यांचा त्या तिसऱ्या कार्यालयाशी संबंध असेल, त्यांना नम्र विनंती : उपरोक्त अर्जाच्या प्रतीवर रामप्यारे लोहार यांचे नाव जिथे जिथे आले आहे, तिथे ते रद्द करून 'चूक अर्जलेखकाची' असा शेरा लिहावा, आणि तसे केल्याचे उत्तर लेखी द्यावे. उत्तर माझ्या टेबलाच्या पत्त्यावर पाठवू नये. ते रामप्यारे यांच्या दुकानी पाठवावे. त्यांना अक्षर येत नाही. मी जाऊन वाचून दाखवीन.

श्रीधर केशव घैसास
(सही स्वतःची)